गुण्याचे तीन अंश

मी एक जुना लोखंडी गुण्या आहे. मित्रांनो, दोन पट्ट्या काटकोनात जोडून वर तिरकी पट्टी मारली, की माझा त्रिकोण होतो. भांडगावच्या पोपटराव गवंड्यांनी माझ्या भरवशावर कित्येक भिंतींचे कोपरे उभे केले. लोक म्हणत, "कोपरा कसा सुरीनं कापल्यागत हाय!" मी फुगून जायचो.

गेल्या खंडेनवमीला अंगणात हत्यारांची पूजा मांडली होती. घरच्या ट्रॅक्टरपुढेही नारळ फोडायचा म्हणून तो ट्रॉलीसकट पुढे घेतला आणि ट्रॉलीचं चाक माझ्यावरून गेलं. तिरकी पट्टी सुटली. पोपटरावांनी ती वेल्डिंग करून घेतली आणि मला हळदकुंकू लावलं. पूजेतल्या वस्तूची परीक्षा कोण घेणार?

पुढे रतनबाईंचं स्वयंपाकघर बांधलं. फरशी बसवताना भिंतीलगत पाचरीसारखी तिरपी जागा उरली, एका टोकाला वीतभर रुंद. रतनबाई कडाडल्या. पोपटरावांनी भिंतीच्या आखणीला दोरी धरणाऱ्या मजूर नकुशीकडे बोट दाखवलं.

"तूच दोरी ढिली धरली."

"दोरी ताठ व्हती, मिस्त्री. तुमचं डोकं ढिलं आसंल!"

तिचं काम गेलं. मी थापीशेजारी पडून होतो. दोष माझ्या अंगात होता आणि मला तोंड नव्हतं. ती रिकामी पाटी घेऊन गेली, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

पोपटरावांची नात अपेक्षा नववीत आहे. शाळेसाठी तिला घरातल्या त्रिकोणाचे कोन मोजायचे होते. तिने मला कागदावर ठेवून आतून रेघा मारल्या आणि कोनमापक लावला. त्र्याण्णव, एक्कावन्न, छत्तीस.

"आबा, बेरीज एकशे ऐंशी आली."

"मग? गुण्या बरोबरच हाय माझा!"

"बेरीज कुठल्याबी त्रिकोणाची तेवढीच येती, आबा. पण हा कोपरा नव्वदचा पायजे. ह्यो तीन अंश फाकलाय, म्हणून बाकीचे दोघं आकसल्यात."

पोपटरावांनी कोनमापक घेऊन तो कोपरा स्वतः पुन्हा मोजला. मग मला उचलून थेट नकुशीच्या दारात गेले.

"नकुशे, चूक गुण्याची व्हती."

"गुण्याची?"

त्यांची मान खाली गेली. "माझी."

नकुशीने मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. "उद्या येते. पर दोरी तुम्ही धरायची, आन् ओरडायचं मी."

मित्रांनो, बेरीज जुळली म्हणून निश्चिंत होऊ नका. एक कोन फाकला, की त्याची भरपाई दुसऱ्यांना करावी लागते. माझी पूजा जरूर करा. पण आधी मला मापून बघा.