हरिबाच्या छातीतला आवाज

चांगदेव हा शिरूरच्या बौद्धवाड्यातला पहिला बी.एस्सी. अठ्ठ्याहत्तर साली आरोग्य सहायकाच्या प्रशिक्षणाला तो दौंडला आला. आडनाव ऐकून दोन-तीन घरमालकांनी नाही म्हटल्यावर रेल्वे लाइनीपलीकडं एक पत्र्याची खोली मिळाली. बरोबरची मुलं पुण्याकडची. सुट्टी झाली की गाडी धरून घरी जायची. चांगदेव स्टोव्हवर भात टाकायचा आणि इंजिनाच्या शिट्ट्या ऐकत एकटाच जेवायचा.

दवाखान्यात कोपऱ्यातल्या खाटेवर हरिबा होता. सारा जन्म रेल्वेच्या यार्डात कोळसा ओढलेला म्हातारा. त्याच्या हृदयाची झडप बिघडली होती आणि तिचा आवाज इतका स्पष्ट, की डॉक्टर प्रत्येक तुकडीला तिथंच आणायचे. "नीट ऐकून ठेवा, असा आवाज पुन्हा मिळायचा नाही," म्हणायचे. मुलं सदरा वर करून नळी टेकवायची, माना डोलवायची, पुढं जायची. हरिबा आढ्याकडं बघत पडून राहायचा.

गर्दीत चांगदेवला काही उमगलं नव्हतं, म्हणून संध्याकाळी तो एकटाच परत आला. नळीची चकती त्यानं तळहातावर चोळून ऊन केली.

"आबा, गार लागतंय का?"

हरिबानं मान वळवली. "इतक्या जनांनी ऐकलं, पर असं कुनी इचारलं न्हाई. काय म्हनतंय आत?"

"झडप नीट मिटत नाही. रक्त मागं येतं."

"म्हंजी दार उघडंच हाय व्हय? आन् यायचंय कोन!" हरिबा हसला आणि हसता हसता त्याला धाप लागली.

मग चांगदेव रोजच बसू लागला. बापाशी भांडून हरिबानं तरुणपणी इनामगाव सोडलं होतं. आई गेली तेव्हाही तो गेला नाही. बहीण होती तिथंच, सोजराबाई.

"तिला सांगशील का?" एकदा त्यानं विचारलं. "ये म्हनून न्हाई. नुसतं, मी हाय म्हनून सांग."

रविवारी चांगदेव एस.टी.नं निघाला. फाट्यावरून पायी गावात शिरला तर लोकांना वाटलं, जुन्या वस्तीच्या खुणा शोधायला नदीकाठचं टेकाड खोदणाऱ्या पुण्याच्या माणसांपैकीच हा कुणीतरी. सोजराबाई कांदा खुरपत होती. तिनं आधी आडनाव विचारलं, मग त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. हरिबाचं नाव निघताच तिचा हात थांबला.

"आई त्येचंच नाव घेत गेली. तवा आला न्हाई. आन् आता मी जाऊ?"

"यायला नाही सांगितलं त्यांनी. आहेत, एवढंच."

ती खुरपू लागली. चांगदेव बांधापर्यंत गेला तेव्हा मागून हाक आली. "जेवतो का त्यो?"

"थोडं थोडं."

दौंडला परतल्यावर हरिबानं तिचा तो प्रश्न त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला. "रागानं इचारलं का?"

"नाही."

"मंग बरं," म्हणून त्यानं डोळे मिटले.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चांगदेव सकाळी आला तर खाटेवर नवी चादर आणि नवा माणूस. "पहाटे झोपेतच गेले," नर्स म्हणाली. डॉक्टर हळहळले, शिकवायला फार उपयोगी पडला म्हणाले. भीमेकाठी अंत्यविधीला चांगदेव आणि हरिबाबरोबर यार्डात राबलेला एक म्हातारा खलाशी, एवढेच होते. परीक्षेत निराळाच रोगी आला, निराळाच आवाज. चांगदेव पास झाला.

भांडगावाकडं नेमणूक झाली. रुजू होण्याआधी तो इनामगावला गेला. सोजराबाईनं त्याला लांबूनच ओळखलं आणि खुरपं खाली ठेवलं. त्यानं सांगितलं.

"लई तरास झाला का?"

"धाप लागायची. शेवटी मात्र झोपेत गेले."

ती बांधावर टेकली. "बस जरा," म्हणाली. तिच्यापासून हातभर अंतर राखून तो बसला. घोड नदीवरून वारा येत होता, कांद्याची पात हलत होती. ऊन उतरलं तशी शेवटची गाडी चुकेल म्हणून चांगदेव उठला. सोजराबाई उठली नाही. वळणावरून त्यानं मागं बघितलं, तेव्हाही ती तशीच बसून होती.