मथळ्यातला मॉब

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. वयानं साडेतीनशेच्या घरातला, अंगानं जेमतेम दोन अक्षरांचा. नाव मॉब. लॅटिनमध्ये मी चांगला लांबलचक होतो: मोबिले वुल्गुस. म्हणजे घडीघडी मन बदलणारे सामान्य लोक. इंग्लंडातल्या शहाण्यासुरत्यांना तेवढंही बोलायला सवड नव्हती. त्यांनी माझी शेपटी छाटली आणि वर 'हा तोकडा शब्द भाषेला शोभत नाही' म्हणून नाकं मुरडली. पुढं दंगा कुणीही करो, नाव माझं. ऑस्ट्रेलियात मात्र मेंढ्यांच्या कळपालाही मॉब म्हणतात, आणि तिथले मूळ रहिवासी आपल्या गणगोताला. तिथं मला पहिल्यांदा कुणीतरी मायेनं हाक मारली.

हल्ली मी एका सायंदैनिकात राबतो. परवा दुपारी तिथल्या उपसंपादकानं मला मथळ्यात बसवलं: 'मॉबनं इस्पितळाचं फाटक तोडलं'. इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बायका जमल्या होत्या. वाफेच्या इस्त्रीवर एकीचा हात भाजला होता. हात आत जाऊ नये म्हणून यंत्राला आडपट्टी लावा, एवढंच मागणं. मॉब होता असं छापून आलं, की पुढं उभ्या असलेल्यांना कामावरून काढायचं, हे व्यवस्थापकांनी ठरवूनच ठेवलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. उपसंपादकाला लहानाचं मोठं करणारी आत्या. तीही त्याच धुलाईखान्यात इस्त्री करते.

"छापलंस का रे काही?"

"पान छपाईला जातंय आत्या. तू गर्दीत नव्हतीस ना?"

"पुढंच होते की. फाटक मीच पाडलं."

"आत्या!"

"किंचाळू नकोस. गुडघा दुखला म्हणून टेकले, तर मेलं आडवंच झालं. बिजागरी सडलेली. आम्हीच उचलून परत उभं केलं. नोकरी जाईल का रे माझी?"

त्यानं आधी फाटकावरच्या पहारेकऱ्याला फोन लावला.

"खरंय साहेब," तो म्हणाला. "उलट बायकाच मला विचारत होत्या, भाऊ, लागलं नाही ना?"

उपसंपादकानं मला एका बोटानं पुसलं आणि लिहिलं: 'हात भाजला, इस्त्रीवाल्या बायका फाटकाशी'.

मित्रांनो, मला टाकून द्या असं मी म्हणत नाही. कधीकधी मी खराच असतो, आणि तेव्हा माझीच मला लाज वाटते. पण मला लिहिण्याआधी जरा जवळ जाऊन तोंडं बघत चला.

दुसऱ्या दिवशी आत्या कामावर गेली. आदल्या संध्याकाळच्या अंकात मी कुठंच नव्हतो. इतकं चांगलं काम मी उभ्या आयुष्यात केलेलं नाही.