सासरेबुवांची उत्तर दिशा

विमानतळ छोटासाच, पण तिथल्या वाऱ्याच्या सेन्सरने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. धावपट्टीच्या कडेची वारा दाखवणारी कापडी पिशवी एका दिशेला फुगायची आणि सेन्सर भलतंच सांगायचा. सून त्याच्या दुरुस्तीला निघाली, तर ऐन वेळी तिचा सहकारी तापाने आडवा. एकाने वर चढायचं, दुसऱ्याने खाली होकायंत्र धरायचं; काम एकटीने होण्यासारखं नव्हतं.

"मी आहे ना!" सासरे बूट घालून तयारच होते. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. "होकायंत्र काय मला नवीन आहे?"

"पण बाबा, एवढ्या उन्हात मफलर?"

"वाऱ्याचंच काम आहे ना?"

तिने हत्यारांची पेटी उचलली आणि त्यांना गाडीत बसवलं.

सेन्सर उंच खांबाच्या टोकावर होता. ती वर चढली. लोखंडाजवळ होकायंत्राची सुई बिथरते, म्हणून बाबांनी लांब मैदानात जायचं होतं. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला तिथला फरक धरून तिने त्यांना एक आकडा दिला होता. होकायंत्र डोळ्याला लावून खांबाकडे बघताना तो आकडा आला, की खांब बरोबर उत्तरेला. मग बाबांनी तिथेच थांबायचं आणि तिने सेन्सरवरची दक्षिणेची खूण त्यांच्याकडे वळवून आवळायची.

बाबा थांबेचनात. दोन पावलं डावीकडे, मान वाकवून पुन्हा बघ, आणखी डावीकडे. गवत संपलं, चर ओलांडला, तरी स्वारी आपली चाललेलीच.

"बाबा, सूर्य कुठे आहे बघा! ती दक्षिण नाही!"

"आकड्यापुढे सूर्याला कोण विचारतो!"

तेवढ्यात तिच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. "मॅडम," टॉवरवाला अदबीने म्हणाला, "तुमचे काका धावपट्टीकडे निघालेत. त्यांना उतरू देऊ, की आधी विमानाला?"

ती धडाधड खाली उतरली, पळत जाऊन त्यांना हाताला धरून मागे आणलं आणि होकायंत्र स्वतःच्या हातात घेतलं. सुई शहाण्यासारखी स्थिर. त्यांच्या चेहऱ्याजवळ नेलं, तर गर्रकन वळली.

"बाबा, मफलर काढा."

आत मानेला पट्टा होता. चुंबकांचा.

"मानदुखीवर चांगला असतो म्हणे," बाबा पुटपुटले.

"पण मान दुखायला झालं काय?"

बाबांनी मफलरची नीट घडी घातली. मग म्हणाले, "पांघरुणात मोबाईलवर बुद्धिबळ."

घरात मोबाईलवरून सगळ्यांना रोज झोडपणारे ते हेच! तिला इतकं हसू लोटलं, की खाली बसावं लागलं. बाबा आधी रुसले, मग स्वतःच खुदकन हसले.

"तुझ्या सासूला सांगू नकोस हं."

"बघते. जिंकता तरी का?"

"क्वचित."

पट्टा गाडीत ठेवल्यावर त्यांना जागा लगेच सापडली. तिथे ते असे ताठ उभे राहिले, जणू पृथ्वीचा आस त्यांच्यातूनच जातो. तिने खूण जुळवली, नट आवळले.

"पिशवी आणि सेन्सर एकदाचे एकमेकांशी बोलायला लागले!" टॉवरवाला खूश होऊन म्हणाला. "विमान घेतो खाली."

विमान डोक्यावरून आलं. बाबांची मान काही वळेना, म्हणून ते पाय आपटत आख्खेच्या आख्खे वळायला लागले. तिने त्यांच्या खांद्याला धरलं आणि विमान टेकेपर्यंत त्यांना हलकेच फिरवत राहिली.