मामबेतच्या घरचे पाहुणे

नारिन शहराजवळच्या एका गावात मेंढ्या चारायला न्यायची पाळी घरोघर फिरे. वाचनालयातल्या संगणकाच्या वर्गात शिकवणाऱ्या तरुण नुरझातने बायकांकडून त्याचंच ॲप करून घेतलं. पडद्यावरचे तयार ठोकळे ओढायचे, एकमेकांना जोडायचे, की झालं. वर्गातल्या बुरुलचा नावाच्या वयस्कर आपांना पहिल्यापासूनच संशय होता. एक अक्षर न लिहिता होणारं काम सरळ कसं असेल?

आणि झालंही तसंच. ॲपने शेजारच्या मामबेतला पुन्हा वगळलं आणि पाळी आपांच्या गळ्यात मारली.

"तुझ्या यंत्राला त्याने काहीतरी चारलंय!" आपा वर्गात कडाडल्या.

नुरझातने ठोकळे उघडून दाखवले. "हे बघा आपा. 'घरी पाहुणे असतील, तर पाळी पुढच्या घरी.' हा ठोकळा तुम्हीच जोडलात. मामबेतकाका दर वेळी पाहुणे आलेत म्हणून कळवतात. ॲप सांगितलेलं ऐकतं, संशय घेत नाही."

"मेल्याच्या दारात कुत्रं फिरकत नाही, पाहुणे कुठले!" आपांनी माउस ओढून घेतला. "सरक पोरी. या 'तर'खाली आणखी एक ठोकळा बसतो ना?"

बसला.

पुढच्या पाळीला मामबेतने सकाळीच पाहुणे आल्याचं कळवलं. लगेच गावातला फोन न् फोन वाजला: 'मामबेतकडे पाहुणे आलेत. रिवाजाप्रमाणे मेंढा कापतोय. संध्याकाळी सगळ्यांनी जेवायला यावं.'

थोड्याच वेळात मामबेत काठी घेऊन मेंढ्यांमागे निघाला.

"पाहुणे कुठायत रे?" आपांनी कुंपणावरून विचारलं.

"गेले," मान वर न करता तो म्हणाला.