न प्यायलेली कॉफी

अकबा बंदरात ट्रकला माल पाळीने मिळतो. त्या पहाटे माझ्या पाळीला अम्मानची साखर आली आणि मुशीरच्या पाळीला करकच्या गिरणीचा गहू. गव्हाचं जहाज आठवडाभर उशिरा लागलं होतं. गिरणीत जेमतेम दुपारपर्यंत पुरेल एवढाच गहू उरला होता.

मुशीर माझ्या ट्रकपाशी आला. मी कॉफी दिली. त्याने पेला तसाच माझ्यासमोर खाली ठेवला. आमच्यात पाहुण्याला काही मागायचं असलं की तो असं करतो. यजमान हो म्हणेपर्यंत पीत नाही.

"बोल."

"काका, पाळी बदला. संध्याकाळी अम्मानला बहिणीची सोयरीक आहे. वडील नाहीत, मलाच उभं राहायचंय."

"मीच सापडलो?"

"बाकीचे मला बघून किटलीच लपवतात."

मला हसू आलं, पण करकला मला जायचं नव्हतं. माझी बायको सुबहिया, तिचं ते माहेर. तिला चार महिन्यांपूर्वी तिथेच पुरलं. त्यानंतर करकचा माल आला की मी पाळी सोडून द्यायचो.

पाळ्या लिहिणारा दियाब खिडकीतून मला ओरडला, "अबू सखर, ठरवा लवकर! इकडे कॉफी थंड होतेय, तिकडे करकच्या भाकरीच्या भट्ट्या!"

"पी बाबा," मी मुशीरला म्हणालो.

गहू भरून निघालो. रास अन-नकबचा चढ ट्रकने कण्हत काढला. कतराना फाट्यावर मात्र मी कडेला थांबलो. सरळ अम्मान, डावीकडे करक. स्टिअरिंग धरून बसून राहिलो. मागे तीस टन गहू होता, आणि पुढे कुणीतरी त्याची वाट बघत होतं. डावीकडे वळलो.

गिरणीच्या फाटकात सगळे कामगार उभे होते. मुकादम म्हणाला, "या हो, या! आणखी तासभर लागला असता तर यंत्रं बंद केली असती. उद्या अख्ख्या गावाने भाकरीऐवजी तुम्हाला खाल्लं असतं."

"मी म्हातारा. चिवट लागलो असतो."

गहू ओतायला दोन तास लागणार होते. हातपाय धुतले आणि पायीच कब्रस्तानात गेलो. फातिहाची प्रार्थना म्हटली. मग सुबहियाच्या कबरीशेजारी बसून किती टन आणला, चढ कसा गेला, ते सांगितलं. घरी आल्यावर ती हेच विचारायची.

परतलो तेव्हा यंत्रं चालू होती आणि मला भूक लागली होती.