तळाला टेकलेली तबकडी

मित्रांनो, मी पांढऱ्या रंगाची, ताटाएवढी, पत्र्याची एक जुनी तबकडी आहे. अरल समुद्राच्या निरीक्षण केंद्रात आज खिळ्याला लटकले आहे. माझं काम ऐकून हसाल. मला दोरीने पाण्यात सोडायचं आणि किती खोलवर मी दिसेनाशी होते, ते दोरीच्या गाठींवरून मोजायचं. त्यावरून पाणी किती नितळ आहे आणि उजेड कुठवर पोहोचतो, हे कळतं. समुद्राचा अभ्यास असाच धीराने, रोज थोडा थोडा होतो.

उलबोसिन ही तिथली निरीक्षक. तिचे वडील सार्सेनबाय मासेमार. त्यांच्याच होडीतून आम्ही जायचो. ती गाठी मोजायची आणि म्हातारा वल्हं धरून चेष्टा करायचा, की आमची लेक समुद्राची नाडी बघते, पण तिला मासा काही साफ करता येत नाही. पंधरा गाठी गेल्या की मी गडप व्हायचे. माझे आकडे थेट राजधानीत जायचे. त्याचा मला गर्वच होता म्हणा ना.

पुढे नद्यांचं पाणी कापसाच्या शेतांकडे वळवलं. समुद्र आटू लागला. एके दिवशी चौथ्या गाठीलाच मी तळाला टेकले, आणि तरीही वरून लख्ख दिसत राहिले. उलबोसिन बराच वेळ वाकून बघत होती. मला फार वाईट वाटलं.

त्याच वर्षी गावचे मासेमार होड्या आगगाडीवर चढवून दूरच्या सरोवराकडे निघाले. सार्सेनबायने लेकीला विचारलं, "पोरी, तू रोज मोजतेस. जाऊ की थांबू?"

वहीत तिने खरं तेच लिहिलं होतं. पण बापाचा जीव या किनाऱ्यात गुंतलेला; तिच्याने बोलवेना.

"थांबा बाबा," ती म्हणाली. "वसंतात पाणी येईल."

पाणी आलं नाही. होडी चिखलात रुतली ती रुतलीच. पुढे त्या दूरच्या सरोवरावरच्या मासेमारांच्या जागाही भरल्या, आणि म्हाताऱ्याला पुन्हा कधी जाळं टाकायला मिळालं नाही. एकदा चहा पिता पिता त्याने विचारलं, "तुला ठाऊक होतं ना?"

तिने मान खाली घातली.

"मग त्या पत्र्याने तुला सांगितलं, तेवढं तू मला सांगायचंस गं."

दुसऱ्या दिवशी तिने मला धुऊन पुसून इथे अडकवलं. पुन्हा हात लावला नाही.

मित्रांनो, पाण्याला जपा, ते मोजायलाही शिका. पण मोजलेलं वहीत मिटून ठेवू नका. ज्याची होडी त्या पाण्यावर आहे, त्याला आधी सांगा. त्याला रडू येईल, येऊ द्या. निघायला वेळ तरी उरेल.