तारेचा पीळ

मोटार वाकसईच्या अलीकडे पुन्हा आचके देत थांबली. ड्रायव्हर नथूने चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. शेजारी बसलेल्या इब्राहिम मिस्त्रींकडे पाहिलंही नाही.

"झालं," मागून कस्तुराबाई म्हणाल्या. त्या कोंबडी घेऊन कामशेतला लेकीकडे निघाल्या होत्या. "आता धा मिन्टं बसायचं, मंग हीच चालू व्हनार. आमच्या रेड्याला बी हीच खोड हाय."

"रेड्याला ठेवलंय न्हवं तुमी?" नथू म्हणाला. "मला शुक्करवारी घालवनार हायेत."

नथूला कामावरून घालवणार होते ते मिस्त्रींच्या एका वाक्यामुळे. श्रावण लागल्यापासून ही उतारूंची सर्व्हिस मोटार सकाळच्या धुक्यात चार मैल चालून बंद पडे आणि दहा मिनिटांनी, कोणी हात न लावता, सुरू होई. मिस्त्रींनी तीनदा गॅरेजात इंजिन उघडून पाहिलं. पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत होती. "इंजिनात दोष नाही," असं त्यांनी मालकांना, ताजुद्दीनशेठना सांगितलं. इंजिनात नाही, म्हणजे ड्रायव्हरात. लढाईच्या आधीची ती वर्षं. लोणावळ्यात मिस्त्रींचा शब्द डॉक्टरच्या शब्दासारखा चाले. पण या वेळी तो त्यांना स्वतःलाच पचला नव्हता, म्हणून ते आज बरोबर आले होते.

त्यांनी लगेच उतरून बॉनेट उघडलं, हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला म्हणून नव्हे. तापलेल्या इंजिनात तेवढीच जागा गारठली होती, आणि तिच्यावर पांढरं, खरबरीत काहीतरी साचलं होतं.

"नथू, काय आहे हे?"

"मीठ?"

मिस्त्रींनी नखाने खरवडलं. बोटावर त्याचं पाणी झालं. "बर्फ."

"या भट्टीत बरफ?" कस्तुराबाईंनी कोंबडी छातीशी धरली. "गारा बी न्हाई पडल्या."

मिस्त्री चिखलात उकिडवे बसले. डोकं चालेना. तळहातावर पेट्रोल सांडलं की उडताना कसं गार लागतं, ते मग हळूहळू आठवलं. धुक्यातली ओली हवा तशीच आत गोठत होती, इंजिनाचा घसा धरत होती. मोटार थांबली की इंजिनाच्या धगीने सगळं वितळून जात होतं. पण हवा गरम होऊनच आत जायला हवी. त्यासाठी तर धुराच्या तापत्या नळीभोवती पत्र्याचं वेष्टण असतं. त्यांनी खाली हात घातला. वेष्टण नव्हतं. नुसती ते बांधलेल्या तारेची टोकं होती.

"पडलं आसल कुटंतरी, मिस्त्री," नथू म्हणाला. "रस्ता हाय का हा?"

तार तुटलेली नव्हती. पकडीने कापून टोकं आत मुडपली होती, दुहेरी, उलट्या पिळाने. पुढच्या माणसाच्या हाताला ओरखडा नको म्हणून अशी डावऱ्या हाताने टोकं मुडपणारा माणूस मावळात एकच होता.

मिस्त्रींनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. कधी केलं? का? काही म्हणता काही आठवेना.

कार्ल्याच्या दुकानातून घासलेटचा रिकामा डबा आणून त्यांनी तो कापला, नळीभोवती वळवून बांधला. मग मोटार एकदाही न अडखळता कामशेतला जाऊन परत आली.

दुपारी शेठनी विचारलं, "पत्रा काढला कुणी?"

"मी."

"कधी?"

मिस्त्रींनी पुन्हा आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"इब्राहिमभाई?"

"वैशाखात, शेठ," दारातून नथू म्हणाला. "घाटात इंजिन लय तापायचं. पाऊस लागला की लावू, म्हणले व्हते. मी व्हतो की तितं."

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का?"

"मिस्त्री म्हणले दोष न्हाई. त्यांच्या वर मी काय बोलू?"

शेठ हसले. शुक्रवारी नथूला घालवायचं राहिलं.

बाहेर आल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "तू खरंच होतास?"

"तुमाला आठवत न्हाई?"

मिस्त्रींनी बराच वेळ त्याचा चेहरा न्याहाळला. त्यावरून काही कळेना.

"आठवतं की," ते म्हणाले आणि घराची वाट सोडून भलत्याच बोळात वळले. नथूने त्यांच्या दंडाला धरलं आणि बोलत बोलत जावं तसं त्यांना माघारी वळवलं.